कायद्याचे एक वाक्य आणि विद्यापीठाचे दार

इमारतीच्या दाराशी सहा इंच उंचीची एक पायरी असते. चालत्या माणसाच्या ती लक्षातही येत नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र ती भिंतीसारखी असते. ही भिंत दूर करावयाची तर पायरीच्या जागी उतार बांधावा लागतो, आणि तो किती लांब असावा हे गणिताने सांगता येते. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असे त्याचे प्रमाण आहे. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार पुरतो. तीन फूट उंचीच्या जोत्याला छत्तीस फूट लागतो. उतार याहून उभा केला तर खुर्ची हातांनी वर रेटताना दम लागतो, आणि खाली येताना ती आवरत नाही.

अपंगांना वापरता येतील अशा इमारतींविषयीचे पहिले राष्ट्रीय मानक अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झाले, त्यात हे प्रमाण दिलेले आहे. दार निदान बत्तीस इंच मोकळे असावे, खुर्ची वळविण्यासाठी साठ इंच लांब आणि साठ इंच रुंद अशी जागा असावी, अशीही मापे त्यात होती. मानक अवघ्या काही पानांचे होते आणि ते पाळण्याची सक्ती कोणावरही नव्हती. परंतु पुढे जगभर जी बांधकामविषयक नियमावली झाली तिचे मूळ या पानांत सापडते. भारतातील मार्गदर्शक तत्त्वांतही एकास बारा हे प्रमाण आढळते.

या मानकामागील संशोधन इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजेंट यांच्या देखरेखीखाली झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने महाविद्यालयात शिकण्याची संधी १९४४ च्या एका कायद्याने मिळाली होती. त्यांत पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले तरुणही होते. १९४८ साली विद्यापीठाने गेल्सबर्ग येथील आपल्या शाखेत त्यांच्यासाठी एक उपक्रम सुरू केला. ही शाखा एका जुन्या लष्करी इस्पितळात भरत असे. त्यामुळे तेथील इमारती चाकांच्या खुर्चीला सोयीच्या होत्या. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने ती शाखा बंद केली. विद्यार्थी राजधानी स्प्रिंगफील्डला जाऊन गाऱ्हाणे मांडून आले, पण शाखा वाचली नाही. अखेर त्यांच्यापैकी थोड्यांना अर्बाना-शँपेन येथील मुख्य विद्यापीठात घेण्यात आले. तेथे हळूहळू इमारतींना उतार बसले, पदपथांच्या कडा रस्त्याला मिळविण्यात आल्या, आणि खुर्चीसह विद्यार्थ्याला वर उचलून घेणाऱ्या बसगाड्या धावू लागल्या. जे पुढे मानकात लिहिले गेले ते आधी येथे वापरून पाहिलेले होते.

पायरीचा प्रश्न असा सुटला. पण विद्यापीठ म्हणजे केवळ इमारत नव्हे. तेथे प्रवेशाच्या अटी असतात, परीक्षा असतात, अनिवार्य विषय असतात. आणि या गोष्टींत लपलेल्या पायऱ्या फूटपट्टीने मोजता येत नाहीत. पुढे या मोजमापासाठीच विद्यापीठांत एक नवा अधिकारी निर्माण झाला. तो कसा आला हे कळण्यासाठी इलिनॉयहून कॅलिफोर्नियाकडे वळावे लागते.

एड रॉबर्ट्स यांना १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखाली हालचाल जवळजवळ राहिली नाही. रात्री श्वासोच्छ्वासासाठी त्यांना लोखंडी फुफ्फुसात झोपावे लागे. असे असूनही त्यांनी माध्यमिक शाळेचा अभ्यास पुरा केला. तेव्हा शाळेने त्यांना उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र देण्याचे नाकारले, कारण शारीरिक शिक्षण आणि मोटार चालविण्याचे शिक्षण हे दोन विषय त्यांनी पुरे केले नव्हते! नियमाप्रमाणे शाळेचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण हे विषय प्रमाणपत्राला कशासाठी लावले आहेत, आणि ज्याला हात हलविता येत नाही त्याच्या बाबतीत ते कोणता हेतू साधतात, हा प्रश्न कोणीही विचारलेला नव्हता. तो रॉबर्ट्स यांच्या आईने विचारला, आणि प्रमाणपत्र मिळाले.

१९६२ साली त्यांना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला. लोखंडी फुफ्फुसाचे वजन पेलेल असे वसतिगृह नव्हते, म्हणून विद्यापीठाच्या आवारातील कॉवेल इस्पितळात त्यांची राहण्याची व्यवस्था झाली. पुढील काही वर्षांत त्याच मजल्यावर आणखी अपंग विद्यार्थी आले. विद्यार्थी आजारी नव्हते, पण राहत होते इस्पितळात. या विसंगतीतूनच त्यांची चळवळ उभी राहिली. १९७० साली सरकारी अनुदानावर विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक कार्यालय निघाले. मदतनीस मिळवून देणे, खुर्च्यांची दुरुस्ती करणे, राहण्याजोगे घर शोधून देणे अशी त्याची कामे होती, आणि ती चालविणारे बहुतेक स्वतः अपंग होते. १९७५ साली रॉबर्ट्स कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक झाले. याच खात्याने एके काळी, हा मुलगा कधीही नोकरी करू शकणार नाही, असा शेरा मारून त्यांना मदत नाकारली होती.

येथवर जे घडले ते एखाद्या न्यूजेंटच्या, एखाद्या आईच्या किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या चिकाटीवर घडले. कायद्याचा आधार १९७३ साली मिळाला, आणि तोही एका वाक्याचा. त्या वर्षीच्या पुनर्वसन अधिनियमाच्या ५०४ व्या कलमात असे म्हटले होते की, केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून पात्र अपंग व्यक्तीला केवळ अपंगतेच्या कारणाने वगळता येणार नाही, तिला त्याचे लाभ नाकारता येणार नाहीत, की भेदभावाने वागविता येणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील वंशभेदाविरुद्धच्या वाक्याच्या साच्यावर हे वाक्य बेतलेले होते. काँग्रेसमध्ये त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. अमेरिकेतील बहुतेक सर्व विद्यापीठे कोणत्या ना कोणत्या रूपाने केंद्राचा पैसा घेतात. तेव्हा या एका वाक्याने ती सर्व बांधली गेली.

पण वाक्य आणि व्यवहार यांच्यामध्ये नियमांची पायरी असते. ‘पात्र’ कोणाला म्हणावे? जुन्या इमारतींचे काय करावे? हे सांगणारे नियम तयार होऊन पडले होते, परंतु त्यांवर सही होईना. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कार्यालयात शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष आणि त्यांचे साथीदार शिरले आणि तेथेच बसून राहिले. जूडिथ ह्यूमन आणि किटी कोन या त्यांच्या पुढारी होत्या. कित्येकांना रात्री कूस बदलण्यासाठीही मदत लागे. औषधे मोजकीच होती. दूरध्वनी तोडण्यात आले तेव्हा बहिऱ्या सत्याग्रहींनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांशी बोलणे चालू ठेवले. तीन आठवडे उलटल्यावर, २८ एप्रिल रोजी, आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली.

विद्यापीठातील नव्या अधिकाऱ्याचा जन्म या नियमांतील एका लहानशा कलमात आहे. पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक अनुदानित संस्थेने कायद्याच्या पालनाचा समन्वय करण्यासाठी निदान एक व्यक्ती नेमावी आणि तक्रारी ऐकण्याची रीत ठरवावी, असे ते कलम सांगते. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला, तेव्हा पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या सार्वजनिक संस्थांनाही अशीच अट घातली गेली. या अधिकाऱ्याला ‘समन्वयक’ म्हणतात. नाव सौम्य आहे, काम मात्र तसे नाही. तो ना प्राध्यापक, ना वैद्य, ना वकील. पण या तिघांनाही एका टेबलाशी बसवून निर्णय घडवून आणणे त्याच्याकडे असते.

त्याच्या कामाचा बराचसा भाग सत्र सुरू होण्यापूर्वीच पार पडावा लागतो. एक उदाहरण पुरे आहे. प्रत्येक जुनी इमारत पाडून नवी बांधा, असे १९७७ चे नियम म्हणत नाहीत. शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आले म्हणजे झाले. तिसऱ्या मजल्यावरचा इतिहासाचा वर्ग तळमजल्यावर आणला तरी नियम पाळला जातो. हा उपाय बिनखर्ची आहे, पण त्यासाठी चाकांच्या खुर्चीतील विद्यार्थिनीने कोणता वर्ग निवडला हे वेळापत्रक छापण्याआधी ठाऊक हवे. ते पहिल्या तासाला कळले तर ती जिन्याच्या तळाशी थांबते आणि वर्ग वर चालू राहतो. पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी दुष्टावा नसतो. उशिरा कळलेली गोष्ट असते.

येथे एक अडचण आहे. शाळेत अपंग मुलाला हुडकून काढणे हे अमेरिकेतील १९७५ च्या शिक्षण कायद्याने शाळेवर सोपविले आहे. महाविद्यालयात हे उलटते. प्रवेशापूर्वी ‘तुम्ही अपंग आहात काय?’ असे विचारण्यास विद्यापीठाला सामान्यतः मनाईच आहे, आणि प्रवेशानंतर आपली गरज सांगणे विद्यार्थ्याच्या इच्छेवर आहे. अठरा वर्षांचा मुलगा घरापासून दूर येतो, शाळेतील ओळख पुसून नव्याने सुरुवात करू पाहतो, आणि पहिल्या परीक्षेत नापास होईपर्यंत गप्प बसतो. मागच्या परीक्षेची भरपाई समन्वयक करू शकत नाही. म्हणून चांगली कार्यालये विद्यार्थी येण्याची वाट न पाहता प्रत्येक अभ्यासक्रमपत्रिकेवर आपला पत्ता छापून घेतात.

विद्यार्थी आला म्हणजे संभाषण सुरू होते. कोणते काम अडते, केव्हा अडते, पूर्वी काय उपयोगी पडले, असे प्रश्न विचारले जातात. वैद्यकीय कागद पाहिले जातात. मग प्राध्यापकाला एक पत्र जाते. त्यात काय करावयाचे ते लिहिलेले असते: परीक्षेला दीडपट वेळ, शांत खोली, तासाची टिपणे, खुणांच्या भाषेचा दुभाषी, ब्रेलमधील किंवा वाचून दाखविणाऱ्या यंत्राला वाचता येईल असे पाठ्यपुस्तक. रोगाचे नाव त्यात नसते. मिरगी आहे की मनोविकार, हे प्राध्यापकाला कळण्याचे कारण नाही. वर्गात टेप-रेकॉर्डर आणू नये किंवा अंधाच्या वाटाड्या कुत्र्याला इमारतीत येऊ देऊ नये, असे नियम करण्याची विद्यापीठाला मनाई आहे. उलट, घरी अभ्यास करताना वाचून दाखविणारा माणूस, चष्मा किंवा श्रवणयंत्र, अंघोळ घालणारा मदतनीस, या गोष्टी पुरविण्यास विद्यापीठ बांधील नाही. सीमारेषा आखणे भागच होते. ती बरोबर जागी आखली आहे असे ज्याला मदतनिसाचा पगार द्यावा लागतो त्याला वाटेलच असे नाही.

मराठीत दोन शब्द आहेत: सवलत आणि सोय. सवलत म्हणजे नियमात दिलेली सूट; जे इतरांकडून घ्यावयाचे ते याच्याकडून कमी घेणे. सोय म्हणजे वाट करून देणे. घ्यावयाचे तेवढेच घ्यावयाचे, पण देण्याची रीत बदलावयाची. समन्वयकाचे सारे काम या दोन शब्दांमधील अंतर सांभाळण्याचे आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील अंध विद्यार्थिनी घेऊ. ती सांगते आणि तिचा साहाय्यक द्रव मोजून ओततो. कोणता द्रव, किती, केव्हा आणि का, हे तिने ठरविले असेल, तर रसायनशास्त्र तिचेच आहे आणि ही सोय झाली. साहाय्यकच जर ठरवू लागला, तर ती सवलतही नव्हे. परीक्षा दुसऱ्याचीच झाली. जादा वेळेचेही तसेच आहे. ब्रेल बोटांनी वाचण्यास सामान्यतः डोळ्यांनी वाचण्याहून अधिक वेळ लागतो. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत वाचनाचा वेग तपासावयाचा नसतो, म्हणून जादा वेळ दिल्याने इतिहास सोपा होत नाही. परंतु जेथे वेग हाच परीक्षेचा विषय आहे, उदाहरणार्थ टंकलेखन, तेथे जादा वेळ दिला तर परीक्षा उरतच नाही.

तेव्हा प्रत्येक वेळी प्रश्न एकच येतो: या विषयाचा गाभा कोणता आणि सवयीने चिकटलेले टरफल कोणते? आणि त्याहून बिकट प्रश्न, हे ठरवावयाचे कोणी?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ५०४ चा अर्थ प्रथम १९७९ साली लावला. उत्तर कॅरोलिनातील एका महाविद्यालयाने ऐकू न येणाऱ्या एका महिलेला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात घेण्याचे नाकारले होते. ती ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत असे. शस्त्रक्रियेच्या दालनात सर्वांची तोंडे झाकलेली असतात. न्यायालयाने एकमताने महाविद्यालयाच्या बाजूने निकाल दिला: अभ्यासक्रमाचे मूळ स्वरूप बदलण्याची सक्ती कायदा करीत नाही. पण त्याच निकालपत्रात न्यायालयाने असेही बजावले की, तंत्रविद्येची प्रगती होत जाईल तशी आज योग्य ठरणारी नकारघंटा उद्या अन्याय्य ठरू शकेल.

खर्चाचे निमित्त तर नेहमी पुढे येते. अलाबामा विद्यापीठाने आपल्या बसला खुर्ची उचलणारे यंत्र बसविण्याचे खर्चापायी टाळले होते. १९९० साली अपील न्यायालयाने हिशेब पाहिला: खर्च १५,००० डॉलर आणि विद्यापीठाचे वाहतुकीचे वार्षिक अंदाजपत्रक १२ लाख डॉलर. हा बोजा असह्य मानता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. समन्वयकांना हे उदाहरण फार उपयोगी पडते. कारण एखाद्या विभागप्रमुखाने दुभाष्याचा खर्च आपल्या विभागाला झेपत नाही असे म्हटले, तर खर्च विभागाच्या नव्हे, संस्थेच्या ऐपतीशी ताडून पाहावयाचा असतो, असे त्याला सांगता येते.

पैशाचे गणित तरी मांडता येते. गाभ्याचे गणित कसे मांडावे, याचे उत्तर दोन खटल्यांनी दिले, आणि दोन्ही बोस्टनच्या परिसरातील आहेत. पहिला टफ्ट्स विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयाचा. डिस्लेक्सिया असलेल्या एका विद्यार्थ्याने, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याऐवजी अन्य पद्धतीने परीक्षा घ्यावी, असे मागितले होते. अधिष्ठात्याने हे शक्य नाही असे प्रतिज्ञापत्र केले. १९९१ साली न्यायालयाने ते अपुरे ठरविले: नुसते ‘नाही’ पुरत नाही; पर्यायांचा विचार कोणी केला, कसा केला, हे दाखवा. पुढल्या वर्षी विद्यापीठाने ते दाखविले आणि खटला जिंकला.

दुसरा बोस्टन विद्यापीठाचा. त्याची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. वाचन, लेखन, भाषा यांच्याशी निगडित शिक्षणविषयक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारे या विद्यापीठातील कार्यालय आदर्श मानले जात असे. ज्यांना परकीय भाषा शिकणे अशक्यप्राय आहे अशा काहींना ते त्या अनिवार्य विषयाऐवजी दुसरा विषय घेऊ देई. १९९५ साली विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी आणि पुढे अध्यक्ष झालेले जॉन वेस्टलिंग यांनी हे प्रकरण हाती घेतले. अक्षमतेच्या नावाखाली शिक्षणाचा दर्जा खालावत आहे असे त्यांचे मत होते. आपल्या भाषणांत ते समँथा नावाच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगत: ती कार्यालयाचे पत्र घेऊन येते, पुढच्या रांगेत जागा, टिपणांच्या प्रती, परीक्षेला जादा वेळ मागते, आणि वर सांगते की आपल्याला वर्गात झोप लागण्याचा संभव आहे, तेव्हा तेवढ्या वेळात शिकविलेले पुन्हा समजावून द्यावे. श्रोते हसत. दरम्यान नियम कडक झाले. अक्षमतेचे प्रमाणपत्र तीन वर्षांहून जुने चालेना, ठराविक पदव्या असलेल्या तज्ज्ञाचेच प्रमाणपत्र लागे, आणि भाषेऐवजी दुसरा विषय घेणे तर बंदच झाले.

विद्यार्थी न्यायालयात गेले. तेथे वेस्टलिंग यांना कबूल करावे लागले की समँथा कधीच अस्तित्वात नव्हती. ती त्यांनी रचलेली होती. न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये निकाल दिला. शिक्षणाचा दर्जा राखण्याचा विद्यापीठाचा अधिकार त्यांनी मान्य केला. पण निर्णय घेणाऱ्यांना या अक्षमतांचे ज्ञान नव्हते, त्यांनी तज्ज्ञांशी विचारविनिमय केला नाही, आणि आळशी विद्यार्थ्यांच्या एका ठोकळेबाज कल्पनेवर धोरण उभारले, असा ठपका ठेवला. सहा विद्यार्थ्यांना नुकसानभरपाई मिळाली. भाषेच्या विषयाबाबत त्यांनी विद्यापीठाला आदेश दिला की प्राध्यापकांची समिती नेमावी, आणि परकीय भाषा हा पदवीचा गाभा आहे की काय याचा तिने रीतसर विचार करावा.

समिती बसली. तिने चर्चा केली, नोंदी ठेवल्या, आणि निष्कर्ष काढला: उदार शिक्षणाच्या पदवीत परकीय भाषा हा गाभाच आहे, तिच्याऐवजी भाषांतरित साहित्य वाचणे पुरेसे नाही. म्हणजे वेस्टलिंग यांचेच उत्तर! १९९८ साली न्यायाधीशांनी ते मान्य केले. समितीचे मत बरोबर की चूक, यात त्या शिरल्या नाहीत. विचार झाला आहे, तो जाणत्यांनी केला आहे आणि त्याची कारणे लिहिलेली आहेत, एवढे त्यांनी पाहिले. ज्या विद्यार्थ्यांना भाषेपासून सुटका हवी होती त्यांना ती मिळाली नाही. खटला जिंकूनही हाती काय आले, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले असेल तर त्यात नवल नाही. तरीही तेव्हापासून अमेरिकेतील विद्यापीठांना आपला नकार कागदावर कारणांनिशी मांडावा लागतो, आणि ती कारणे मागणारा पहिला माणूस म्हणजे समन्वयक.

गाभ्याचा हाच प्रश्न भारतातही उभा राहिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. अपंगतेचे प्रकार त्याने सातांवरून एकवीस केले, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखून ठेवल्या आणि सरकारी आस्थापनांना तक्रार निवारण अधिकारी नेमण्यास सांगितले. आरक्षणासाठी अपंगता निदान चाळीस टक्के असावी लागते. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याची वाणी व भाषेची अपंगता चव्वेचाळीस-पंचेचाळीस टक्के होती. वैद्यकाच्या तेव्हाच्या प्रवेशनियमांप्रमाणे या प्रकारात चाळीस टक्क्यांखाली असल्यास राखीव जागा मिळत नसे, आणि चाळीस किंवा अधिक असल्यास प्रवेशच मिळत नसे. दाराला कुलूप लावून किल्ली आत ठेवावी, असा हा प्रकार. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की केवळ आकड्यावरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम प्रत्यक्ष पुरा करू शकेल काय, याचे मत वैद्यकीय मंडळाने कारणांसह दिले पाहिजे. बोस्टनच्या निकालाचा यात उल्लेख शोधण्याचे कारण नाही. प्रश्न तोच असला म्हणजे उत्तराची वाटही तीच निघते.

समन्वयकाच्या टेबलावर आता इमारतींच्या नकाशांपेक्षा ध्वनिचित्रफिती अधिक असतात. बर्कली विद्यापीठाने आपल्या प्राध्यापकांची हजारो व्याख्याने इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट ठेवली होती. त्यांतील कित्येकांत बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत दिसत नव्हते, म्हणजे बहिऱ्या माणसाला ती व्याख्याने मुकी होती. तक्रार झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने तक्रार खरी असल्याचे कळविले. मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने उपाय केला: वीस हजारांहून अधिक व्याख्याने लोकांच्या नजरेआडच केली. आता ती कोणालाच ऐकू येत नव्हती आणि कोणालाच दिसत नव्हती. समता झाली म्हणावयाचे तर ती अशी. काहींनी तक्रार करणाऱ्यांनाच दोष दिला. उतार बांधण्याऐवजी दारच बुजविणाऱ्याकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नाही.

प्रकरण तेथे संपले नाही. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्या संस्था यांच्यावरही अशाच कारणाने २०१५ साली खटले भरले गेले होते. हार्वर्डने २०१९ च्या अखेरीस आणि तंत्रविद्या संस्थेने २०२० च्या आरंभी आपल्या व्याख्यानांना अक्षरे जोडण्याचे मान्य करून ते मिटविले. बर्कली विद्यापीठाने २०२२ च्या अखेरीस न्याय खात्याशी करार केला. त्यानुसार अभ्यासक्रम, व्याख्याने आणि संकेतस्थळे अपंगांना वापरता येतील अशी करणे आणि त्यावर देखरेख ठेवणारी माणसे नेमणे विद्यापीठाने पत्करले.